थेट उपफोल्डरांची यादी वारंवार चुकते: आलेल्या संख्येवरून दोष कसा ओळखावा

एखाद्या फोल्डरच्या लगेच खाली असलेले उपफोल्डर तेवढे हवेत, त्यांच्या पोटातले नकोत आणि फाइलीही नकोत, ही मागणी ऐकायला साधी आहे. परंतु पिकांची छायाचित्रे, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती किंवा ठिबक संचांच्या तपासणीचे अहवाल जिल्हा, तालुका आणि गाव अशा उतरंडीने जपणाऱ्या खानदेशातील कार्यालयांत याच मागणीवरून प्रोग्राम पुन्हा पुन्हा अडतात. संगणक बदलला, संग्रह दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला किंवा हाताने चालवला जाणारा प्रोग्राम रात्री आपोआप चालवायचे ठरले, की कालपर्यंत बरोबर येणारी यादी आज रिकामी येते, नाहीतर भलतीच लांब येते. अशा वेळी इंटरनेटवरून कोडचा दुसरा तुकडा आणून चिकटवण्याची घाई होते, यादी तात्पुरती बरी दिसते आणि मूळ दोष पुढच्या स्थलांतरापर्यंत दबून राहतो. माझा आग्रह असा आहे की कोडला हात लावण्यापूर्वी यादीत किती नावे आली ते मोजावे, कारण या कामात चुकीची संख्या बहुतेक वेळा स्वतःच आपले कारण सांगते.

त्यासाठी उत्तर आधीच ठाऊक असलेला एक रिकामा सांगाडा तयार ठेवावा. मुख्य फोल्डरचे नाव खानदेश. त्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे ३ फोल्डर. जळगावमध्ये १५, धुळ्यात ४ आणि नंदुरबारमध्ये ६ तालुक्यांचे फोल्डर. आणि खानदेश या फोल्डरमध्येच सूचना लिहिलेली एक साधी मजकुराची फाइल. खानदेशाचे थेट उपफोल्डर मागितले तर उत्तर ३ आले पाहिजे. प्रत्यक्षात ०, ४, ५ किंवा २८ आले, तर प्रत्येक आकड्यामागची कारणे वेगळी आहेत. पुढील विवेचन मुख्यतः पायथनला धरून आहे, कारण अशा कार्यालयांतील लहान प्रोग्राम माझ्या पाहण्यात बहुधा त्याच भाषेत असतात.

यादी रिकामी येते

हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त दिशाभूल करणारा प्रकार आहे, कारण बहुतेक वेळा कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. पायथनमधील ओएस.लिस्टडिर हे फंक्शन दिलेल्या फोल्डरमधील वस्तूंची केवळ नावे परत देते, संपूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून त्या वस्तूपर्यंतचा पत्ता, देत नाही. म्हणजे यादीत नुसते ‘धुळे’ असे येते. ते कोणत्या फोल्डरमधले, ही माहिती त्या नावात राहत नाही. त्यानंतर हे नाव जसेच्या तसे, ते फोल्डर आहे का हे सांगणाऱ्या ओएस.पाथ.इजडिर या फंक्शनला दिले, तर ते फंक्शन ‘धुळे’ नावाचा फोल्डर प्रोग्रामच्या चालू कार्यकारी फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालवला त्यात, शोधते, तिथे तो नसतो, आणि उत्तर नकारार्थी येते. तिन्ही नावांचे असेच होते आणि यादी रिकामी राहते.

हा दोष लिहिणाऱ्याच्या संगणकावर दिसत नाही, याचेही कारण तेच आहे. लिहिणारा टर्मिनल उघडून खानदेश फोल्डरमध्येच उभा असतो, त्यामुळे अर्धवट नावही योग्य जागी पोहोचते. तोच प्रोग्राम ठरलेल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये घातला आणि ‘स्टार्ट इन’ ही चौकट रिकामी ठेवली, तर तो सहसा विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरमधून सुरू होतो आणि तिथे कोणताही जिल्हा सापडत नाही. उपाय असा की लिस्टडिरकडून आलेले प्रत्येक नाव ओएस.पाथ.जॉइन वापरून मुख्य फोल्डरच्या पाथला जोडावे आणि मगच ते फोल्डर आहे की नाही हे विचारावे. शेड्युलरमधली चौकट भरूनही यादी येऊ लागते. पण तो उपाय कोडमधला दोष कोडबाहेर झाकतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

याच दोषाचे एक अधिक फसवे रूप म्हणजे ३ ऐवजी १ येणे. कार्यकारी फोल्डरमध्ये योगायोगाने जळगाव नावाचा दुसराच एखादा फोल्डर असला, तर तेवढे एक नाव इजडिरच्या चाळणीतून पार होते आणि बाकीची दोन गळतात. अशा वेळी धुळे व नंदुरबारच्या फोल्डरांच्या परवानग्या तपासण्यात वेळ जातो, वास्तविक त्या दोन्ही फोल्डरांत काहीही बिघडलेले नसते.

रिकाम्या यादीचे दुसरे कारण पाथ लिहिण्याच्या पद्धतीत असते, आणि आपल्याकडच्या गावांच्या नावांमुळे ते विशेष गोंधळ घालते. विंडोजमध्ये फोल्डरांची नावे उलट्या तिरक्या रेषेने वेगळी केली जातात, आणि पायथनच्या साध्या अवतरणातील मजकुरात त्या रेषेनंतर येणाऱ्या काही रोमन अक्षरांना खास अर्थ आहे. रेषेनंतर लहान एन आला तर नवी ओळ, टी आला तर टॅब, आर आला तर ओळीच्या आरंभी परतण्याचे चिन्ह, बी आला तर बॅकस्पेस आणि ए आला तर घंटेचे चिन्ह तयार होते. आता फोल्डरांची नावे लहान रोमन अक्षरांत असलेला संग्रह घ्या. जळगावचे जे आणि धुळ्याचे डी या अक्षरांना असा अर्थ नाही, म्हणून ते दोन्ही पाथ चालतात. नंदुरबारचा एन मात्र नवी ओळ होऊन बसतो आणि तो पाथ मोडतो. तालुक्यांच्या पातळीवर पाहिले तर धुळे जिल्ह्यातील चारही तालुके सुरळीत चालतात, नंदुरबार जिल्ह्याच्या पाथमध्येच तो एन असल्याने तिथले सहाही अडतात, आणि जळगाव जिल्ह्यातील रावेर, भुसावळ, बोदवड, भडगाव आणि अमळनेर हे पाच अडतात. धुळ्याचे काम सांभाळणारा माणूस ‘माझ्याकडे चालते’ असे म्हणतो ते खरेच असते, आणि त्यामुळे दोष नंदुरबारच्या संगणकात आहे असा सर्वांचा समज होतो.

एन मोठ्या लिपीत लिहिला तर प्रोग्राम सुरूच होत नाही आणि युनिकोडसंबंधी, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीसंबंधी, त्रुटी येते, कारण रेषेनंतरचा मोठा एन हा पायथनमध्ये चिन्हाचे नाव सांगण्यासाठी राखीव आहे. मोठ्या यू ने सुरू होणाऱ्या ‘युजर्स’ या फोल्डरचा पाथ साध्या अवतरणात लिहिल्यावर येणारी सुपरिचित त्रुटीही याच जातीची आहे. जळगाव आणि धुळे चालतात, पण तेही केवळ सवलत म्हणून: अर्थ नसलेल्या अशा जोडीबद्दल पायथन ३.१२ पासून उघड इशारा दाखवला जातो, तो दुर्लक्षू नये. उपाय सोपे आहेत. अवतरणाच्या आधी लहान आर लिहावा, म्हणजे उलटी रेष रेषच राहते; किंवा सरळ तिरकी रेष वापरावी, ती विंडोजवरही पायथनला समजते; किंवा पायथनच्या पाथलिब या मॉड्यूलमधील पाथ वापरून तुकडे जोडावेत. आर लावलेल्या मजकुराच्या शेवटी एकच उलटी रेष ठेवता येत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. हा सगळा घोळ कोडमध्ये लिहिलेल्या मजकुरापुरताच आहे. पाथ वापरकर्त्याने टाइप केला असेल किंवा साध्या मजकुराच्या फाइलीतून वाचला असेल, तर हे रूपांतर होत नाही.

पाथ मोडला असताना कोणते फंक्शन काय करते, हे कळले की शोध लवकर संपतो. लिस्टडिर आणि स्कॅनडिर ही दोन्ही फंक्शने अस्तित्वात नसलेल्या पाथवर स्पष्ट त्रुटी देतात. इजडिर नुसते नाही म्हणते. सगळी उतरंड फिरणारे ओएस.वॉक मात्र फोल्डर उघडताना आलेली त्रुटी गिळून टाकते आणि काहीच न देता थांबते. त्यामुळे वॉक वापरलेला प्रोग्राम रिकामी यादी देत असेल, तर मी सर्वप्रथम पाथवर संशय घेतो. वॉकला ऑनएरर या नावाने एक फंक्शन देता येते आणि त्यात त्रुटी पुन्हा वर पाठवली, तर ही शांतता संपते. जुन्या कोडमध्ये ही एक ओळ घालणे माझ्या मते सर्वांत फायद्याचे आहे.

लिनक्स सर्व्हरवर आणखी एक शक्यता असते. मुख्य फोल्डरवर वाचण्याची परवानगी आहे पण आत शिरण्याची नाही, अशा स्थितीत नावे मिळतात, परंतु प्रत्येक नावाची चौकशी फसते आणि इजडिर सर्वांना नकार देते. नावे छापून पाहिली तर तिन्ही दिसतात, चाळल्यावर एकही उरत नाही. पाथ नीट जोडूनही असे होत असेल, तर परवानग्या पाहाव्यात.

अठ्ठावीस येतात

३ जिल्हे आणि २५ तालुके मिळून २८ होतात, म्हणजे प्रोग्राम खालपर्यंत उतरला आहे. ओएस.वॉकचे कामच मुळी संपूर्ण उतरंड फिरण्याचे आहे. ते प्रत्येक फोल्डरसाठी त्या फोल्डरचा पाथ, त्यातील उपफोल्डरांची नावे आणि फाइलींची नावे असे तीन भाग देते. आपल्याला हवे ते फक्त पहिल्याच फेरीतले मधले नाव-समूह आहेत. म्हणून वॉक वापरायचेच असेल, तर नेक्स्ट या फंक्शनने पहिली फेरी घेऊन तिथेच थांबावे. मात्र पाथ चुकीचा असल्यास पहिली फेरीच मिळत नाही आणि ‘स्टॉप इटरेशन’ नावाची त्रुटी येते. त्या त्रुटीत पाथचा उल्लेख नसल्याने ती पाहणाऱ्याला लूपमध्ये काही बिघडले असे वाटते.

काही जण वॉकला पूर्ण फिरू देतात आणि नंतर पाथमधील तिरक्या रेषा मोजून फक्त पहिल्या पातळीची नावे ठेवतात. यादी बरोबर येते, परंतु तीन नावांसाठी प्रत्येक गावाच्या फोल्डरपर्यंतची सगळी उतरंड वाचली जाते, आणि संग्रह नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर असेल तर त्याची वाट पाहणे असह्य होते. रिकाम्या सांगाड्यावर हा दोष मुळीच जाणवत नाही, म्हणून तो चाचणीत सुटतो आणि खऱ्या संग्रहावर उघडा पडतो.

चार आणि पाच येतात

४ आले तर बहुतेक वेळा ती सूचनांची फाइल आत शिरलेली असते, म्हणजे चाळणी लावायचीच राहिली आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर फाइंड ही आज्ञा वापरली असेल तर चौथे नाव खुद्द खानदेश फोल्डरचे असते, कारण कमाल खोली १ सांगितली तरी शोध ज्या फोल्डरपासून सुरू होतो तो शून्य पातळीवर मोजला जातो. किमान खोलीही १ सांगितली की तो वगळला जातो. कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट वापरणाऱ्यांच्या मुख्य फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारा एक लपलेला फोल्डर असतो, आणि तो खराच फोल्डर असल्याने चाळणीतून पार होतो. तो नको असल्यास नावावरून स्वतंत्रपणे वगळावा लागतो.

५ हा आकडा पीएचपी या भाषेत दिसतो. तिथले स्कॅनडिर हे फंक्शन एक टिंब आणि दोन टिंबे, म्हणजे तो फोल्डर स्वतः आणि त्याच्या वरचा फोल्डर, अशी दोन नावेही यादीत देते, आणि दोन्ही फोल्डरच असल्याने चाळणी त्यांना अडवत नाही. पायथनच्या फंक्शनांत ही दोन नावे येत नाहीत.

एका वाढीव संख्येला मात्र मी दोष म्हणणार नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदपत्रांवर नवापूर किंवा शहाद्याचा जिल्हा धुळे असाच असतो. जुना अभिलेख शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी कोणी धुळ्याच्या फोल्डरमध्ये नंदुरबारच्या सहा तालुक्यांचे दुवे ठेवले असतील, तर धुळ्याचे उत्तर दुव्याच्या प्रकारावर ठरेल. विंडोजचा शॉर्टकट ही एक साधी फाइल असते, म्हणून संख्या ४ च राहील. लिनक्समधला सांकेतिक दुवा असेल तर इजडिर दुव्यामागे जाऊन पाहते आणि संख्या १० होते. स्कॅनडिरने दिलेल्या नोंदीला इज_डिर विचारताना दुव्यामागे जाऊ नये असे सांगता येते आणि मग पुन्हा ४ मिळतात. यांपैकी योग्य आकडा कोणता, हे कामावरून ठरवायचे आहे: आजच्या प्रशासकीय रचनेचा अहवाल हवा असेल तर ४, जुने कागद शोधायचे असतील तर १०. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे गृहीत धरू नये. संग्रह सांभाळणाऱ्याला विचारावे आणि उत्तर कोडमध्ये टिपणीच्या रूपाने लिहून ठेवावे.

संख्या बरोबर, पण नावे जुळत नाहीत

३ आले म्हणजे काम संपले असे नाही. लिस्टडिर आणि स्कॅनडिर कोणत्याही ठरावीक क्रमाची हमी देत नाहीत. विंडोजवर यादी वर्णानुक्रमे आलेली दिसते आणि लिनक्सवर तीच विस्कळीत येते, म्हणून क्रम हवा असेल तर तो स्वतः लावावा. गटांना १ ते १२ असे क्रमांक दिले असतील, तर साधी क्रमवारी १ नंतर १०, ११, १२ आणि मग २ घेते, कारण ती आकडे नव्हे तर अक्षरे पाहते. देवनागरी अंकांची यात आणखी एक गोम आहे. युनिकोडच्या तक्त्यात इंग्रजी अंक सर्व अक्षरांच्या आधी येतात, देवनागरी अंक मात्र बहुतेक देवनागरी अक्षरांच्या नंतर येतात. त्यामुळे ‘१ केळी’ हा फोल्डर ‘हरभरा’ या फोल्डरच्याही खाली जातो. सुदैवाने पायथनचे इंट हे फंक्शन देवनागरी अंकही वाचते, म्हणून नावाच्या सुरुवातीचा क्रमांक वेगळा काढून त्यावर क्रमवारी लावली की दोन्ही अडचणी एकदम सुटतात.

मराठी नावांच्या तुलनेत याहून सूक्ष्म अडचण येते. ‘शेतकऱ्यांचे दाखले’ या नावातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते, किंवा साधा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी; काही कीबोर्ड तिसऱ्याच मार्गाने, र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह मिळून, तेच रूप पडद्यावर उमटवतात. ‘ॲग्रो’ मधला ॲ हाही असाच दोन प्रकारे लिहिला जातो. डोळ्यांना सगळे सारखे दिसते, विंडोज आणि लिनक्स त्यांना निरनिराळी नावे मानतात, आणि यादीत समोर दिसणारे नाव शोधल्यावर सापडत नाही. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी, म्हणजे जोडलेल्या चिन्हांचे प्रमाण, रूप मागून वापरले, तर ऱ ची पहिली दोन रूपे एक होतात. न दिसणाऱ्या जोडचिन्हाची रूपे त्यानेही एक होत नाहीत, ती तुलनेपूर्वी स्वतःच बदलून घ्यावी लागतात. हे बदल तुलनेपुरतेच करावेत. फोल्डर उघडताना डिस्कवर आहे तेच मूळ नाव वापरावे, अन्यथा असलेला फोल्डरही उघडणार नाही.

मी सुचवतो ती पद्धत

पायथन ३.५ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर ओएस.स्कॅनडिर वापरावे. ते नुसती नावे न देता प्रत्येक वस्तूची एक नोंद देते. त्या नोंदीत नाव असते, मुख्य फोल्डरला जोडलेला पाथ असतो, आणि ती वस्तू फोल्डर आहे का हे विचारण्याची सोय असते. त्यामुळे अर्धवट नावाचा पहिला दोष उद्भवतच नाही. बहुतेक वेळा फोल्डर की फाइल ही माहिती यादीसोबतच येत असल्याने प्रत्येक नावासाठी डिस्कला पुन्हा विचारावे लागत नाही, आणि मोठ्या संग्रहात याचा वेग स्पष्ट जाणवतो. ३.६ पासून ते विथ या रचनेत वापरता येते, तसेच वापरावे, म्हणजे मधेच त्रुटी आली तरी उघडलेला फोल्डर बंद होतो. आधी मुख्य फोल्डरचा पाथ निरपेक्ष, म्हणजे ड्राइव्हपासून पूर्ण, करून घ्यावा, मग विथमध्ये स्कॅनडिर उघडावे, इज_डिर होकार देईल त्या नोंदींची नावे गोळा करावीत आणि शेवटी क्रम लावून परत द्यावीत. पाथलिबची सवय असलेल्यांनी इटरडिर घेतले तरी चालते, तेही पूर्ण जोडलेला पाथच देते.

नमुन्यावरून नावे शोधणाऱ्या ग्लोबमध्ये तारा आणि तिरकी रेष देऊन फोल्डर मिळवण्याची आखूड पद्धत मला मान्य नाही. ग्लोब मॉड्यूल टिंबाने सुरू होणारी नावे वगळते, पाथलिबचे ग्लोब वगळत नाही, आणि पाथलिबमध्ये ३.११ च्या आधी शेवटची रेष दुर्लक्षिली जात असल्याने फाइलीही येतात. एकाच ओळीचा अर्थ आवृत्तीनुसार बदलत असेल, तर वेगवेगळ्या तालुक्यांतील संगणकांवर तिचा भरवसा धरता येत नाही.

इतर भाषांत थोडक्यात असे: सी शार्पमधील गेटडिरेक्टरीज मूळ वृत्तीने पहिल्याच पातळीवर थांबते आणि पाथसह नावे देते, म्हणून नुसते नाव हवे असल्यास शेवटचा भाग वेगळा काढावा, जावामधील लिस्टफाइल्स चुकीच्या पाथवर रिकामी यादी न देता नल, म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य, देते, त्याची तपासणी विसरू नये, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये रीडडिरला ‘विथ फाइल टाइप्स’ हा पर्याय दिला की फोल्डर ओळखण्यासाठी वेगळी चौकशी लागत नाही.

बदल केल्यावर सांगाड्यावरची चाचणी दोनदा घ्यावी: एकदा खानदेश फोल्डरमधून आणि एकदा संपूर्ण वेगळ्या ड्राइव्हवरून. दोन्ही वेळा ३ यावेत, आणि जिल्ह्यांच्या पातळीवर १५, ४ आणि ६. शेड्युलरमधून चालवताना यादी पडद्याऐवजी लॉग फाइलीत वळवली असेल, तर विंडोजवर देवनागरी नाव लिहितानाच एन्कोडिंगची त्रुटी येऊन प्रोग्राम थांबू शकतो, कारण वळवलेल्या आउटपुटला विंडोजचे जुने कोडपेज, म्हणजे मर्यादित अक्षरांचा संच, लागू होते. लॉग फाइल प्रोग्रामनेच यूटीएफ-८ सांगून उघडावी, किंवा पायथन ३.७ पासून उपलब्ध असलेला यूटीएफ-८ मोड सुरू करावा, आणि मग शेड्युलरमधून एक फेरी चालवून लॉगमध्ये नंदुरबारचे नाव नीट उमटले आहे का ते पाहावे.